गुरुवारची दुरुस्ती

गुरुवारी आमच्या धायरीत वीज नाही, सहा तास,
दुरुस्तीसाठी.
पाणीही नाही. तेही दुरुस्तीसाठी.
म्हटलं, आपणही काहीतरी दुरुस्त करावं.

कालच्या पेपरावर कीबोर्ड उलटा धरला
आणि पाठीत दोन धपाटे घातले.
पडलं ते असं:
बाकरवडीतली खसखस,
साबुदाण्याचा एक दाणा,
(चतुर्थीचा असणार, साल विचारू नका)
खोडरबराच्या वळ्या,
समोरच्या बारा मजली साइटची धूळ,
आणि माझेच केस,
वरच्या थरात पांढरे, खालच्या थरात काळे.

अकरा वर्षं मी यावर टाइप करते आहे.
लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल,
निवृत्त इंजिनिअर परांजप्यांचं आत्मचरित्र,
चार वेळा.

तपकीर गल्लीतला राजपुरोहित परवा म्हणाला,
‘ताई, साडेतीनशेत नवा येतो,
हे काय घासत बसता?’
मी स्पिरिटची बाटली घेतली
आणि पक्कं बिल मागितलं.

आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला,
कोण कुणाशेजारी बसतं त्याचा.
मग चमच्याच्या दांड्याने एकेक बटण उचकटलं.
शेंग फोडताना वाजतं तसं वाजतं, टक्.
कालचं भरून ठेवलेलं पाणी, थोडा साबण,
नवऱ्याचा जुना टूथब्रश.
(जुना आहे असं मी धरून चालले.)
सांध्यांतून स्पिरिट, कापसाच्या काडीने, थेंबाथेंबाने.
माऊसच्या पोटावरचं काळं मेण नखाने निघालं.
स्क्रीनला पाणी दाखवायचं नाही,
धोतराचं मऊ फडकं, कोरडं, एकाच दिशेने.
प्रिंटरकडे मी पाहिलं, प्रिंटरने माझ्याकडे.
पुढच्या गुरुवारी.

बटणं गॅलरीत ताटात वाळत घातली, सांडग्यांसारखी,
तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली.
‘ई’ गुळगुळीत. त्यावर काना असतो,
आणि कान्यावाचून मराठीत
‘हा’ म्हणता येत नाही, ‘ना’ही.
‘डी’ला तर मधोमध खळगा.
तिथे पाय मोडतात.
जोडाक्षर हवं तर आधी एकाचा पाय मोडायचा,
मगच दुसरं त्याला येऊन टेकतं.
शेजारच्या हसबनीसबाई म्हणाल्या,
‘मग, संसारात काय वेगळं असतं?’
आणि कपडे वाळत घालू लागल्या.
सगळ्यांत जास्त झिजलंय ते खोडायचं बटण.
यावर त्याही काही बोलल्या नाहीत.
‘ञ’ मात्र कोरा करकरीत,
काल दुकानातून आल्यासारखा.
त्यालाही घासलं. उगाच भेदभाव नको.

बसवायला हसबनीसबाईंची नात आली, कस्तुरी, तिसरीतली.
फोटो मांडीवर, जीभ दातांत,
प्रत्येक बटणाला अंगठ्याने एक दाब.
‘काकू, पुसलेली कुठे लावू?’
‘उरलेल्या जागी,’ मी पोहे परतता परतता म्हणाले.

चार वाजून दहा मिनिटांनी पंखा फिरला.
लगेच फोन. परांजपे.
‘मुखपृष्ठाचं तेवढं आजच पाठवा.’
बसले. बोटं आपली आपण चालली,
मी खिडकीबाहेर क्रेन पाहत होते.
पडद्यावर आलं:
रकांडरे.

पुन्हा टाइप केलं. रकांडरे.
ही कुठल्या धरणाखाली गेलेल्या गावाची माणसं?
खाली गावाचं नाव घातलं, पुणे.
उमटलं: रुणे.

तेव्हा उजव्या तर्जनीला कळलं.
‘जे’वरचा तो बारीक उंचवटा
एक घर सरकून ‘के’च्या जागी बसला होता,
आणि त्याच्यामागोमाग सगळा हात.
इतकी वर्षं मी अक्षरं पाहतच नव्हते तर.
एका तांदळाएवढ्या खुणेवर विसंबून होते.

खोडण्याआधी एकदा मोठ्याने वाचलं.
रुणे.
कुणाचं तरी देणं राहिल्यासारखं वाटलं,
राजपुरोहितचं नव्हे, त्याचं बिल आहे माझ्याकडे.

मग बटणं काढायला चमचा शोधला.
त्याने कस्तुरी पोहे खात होती.